पिवळ्यावर थांबवलेली पट्टी

दुपारचे दोन. पोरं खिचडी खाऊन घरोघर पांगलीत, डोक्यावरचा पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि अंगणवाडीसेविका सुलभाताई टेबलावरच्या वजनाच्या वहीवर डोकं टेकते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं ती स्वतःला बजावते. तेवढ्यात मोरीतून पातेलं घासल्याचा आवाज येतो.

अनसामावशी बसलीय. अंगणवाडीची मदतनीस, चौदा वर्षं वस्तीतल्या पोरांना भरवणारी. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तिच्या तेराव्याचं जेवण सुलभाताईनंच वाढलंय. तरी तिला यात काही वावगं वाटत नाही. या बाईनं जिवंतपणी तरी कधी वेळेवर घरी जायचं नाव घेतलं होतं?

"सकाळी काय केलंस गं?" मावशी मान वर न करता विचारते.

हयातीत तिनं ताईला 'तुमी'शिवाय हाक मारली नाही. आज थेट 'गं'! मेल्यावर भीड चेपत असावी माणसाची.

"काय केलं?"

"कोमलच्या इशिकाचा दंड मोजलास. पट्टी कुठं थांबली?"

"पिवळ्यावर."

"थांबली, का थांबवलीस?"

सुलभाताई वहीवर हात झाकते. पट्टी लालवरच जात होती. लाल म्हणजे पोर पार कुपोषित, दवाखान्यात दाखल, चौदा दिवस आईनं तिथंच राहायचं. कोमलची धुण्याभांड्याची चार कामं सुटणार, सासू वस्ती डोक्यावर घेणार. म्हणून हिनं जराशी ढील दिली आणि वहीत 'पिवळा' लिहून मोकळी झाली.

ती काही बोलणार, तोवर दोघी सार्वजनिक नळाच्या रांगेत उभ्या आहेत. नळाला चहा येतोय. बाया बाळांच्या बाटल्या भरून घेताहेत, त्यात कोमलची सासूही.

"जुलाब लागलेत ना पोरीला," सासू ऐटीत सांगते. "पोट बंद ठेवलंय. चार दिवस नुसता कोरा चहा."

"ऐकलंस?" मावशी म्हणते. "माझ्या पमीचंबी आम्ही असंच पोट बंद ठेवलं होतं. सहाव्या दिवशी मांडीवरच गार पडली पोरगी."

"मावशी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"पोरांना भरवत होते. बोलायला वेळ कुठं होता?"

आणि मावशी तिला उचलते. चांगली सत्तर किलोची बाई, पण अल्लद उचलून वजनकाट्याच्या झोळीत ठेवते. काटा थरथरत साडेसहावर थांबतो. हे दीड वर्षाच्या इशिकाचं वजन. सुलभाताईच्या अंगातलं त्राणच जातं. तोंडाला कोरड पडते. रडू फुटतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही.

"मावशी, उतरवा मला!"

"मी कशी उतरवू? मी मेलेय. तू जिती आहेस ना?"

"कोमलचं काम गेलं तर?"

"काम दुसरं बघू. पोर दुसरं बघणार आहेस का?" मावशी कडाडते. मग तिचा आवाज खाली येतो. "सासू शिव्या देईल, देऊ दे. तू उंबऱ्यात बस, हलू नकोस. आणि भरवायचं थांबवू नका गं. जुलाब असले तरी दोन-दोन घास."

ती पदराला हात पुसते, टेबलाशी येते आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबते. विळीवर चिरलेला तो अंगठा, मधून तिरका वण असलेला. दर महिन्याला हजेरीवर तोच उमटायचा.

"सही येत नाही मला," ती ओशाळून हसते.

सुलभाताई दचकून उठते. तीन वाजायला आलेत. मोरी कोरडी ठणठणीत आहे.

वहीत इशिकाच्या ओळीवर, बरोबर 'पिवळा' या शब्दावर, निळा ठसा उमटलाय. अजून ओला. मधून तिरकी पांढरी रेघ.

ती आपले दोन्ही अंगठे उलटसुलट करून बघते. स्वच्छ आहेत.

"बरं मावशी," ती मोठ्यानं म्हणते. ठशाशेजारी 'लाल' लिहिते, पट्टी आणि जलसंजीवनीची पाकिटं पिशवीत टाकते, आणि कोमलच्या उंबऱ्यात बसायला निघते.