बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

माणसांच्या पत्रिका बघणारे चाकणला गल्लोगल्ली सापडतील, पण आकड्यांची पत्रिका बघणारा माणूस त्या अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात एकच होता, आणि तो पत्रा ठोकून सुटे भाग काढणाऱ्या आमच्या प्रेस शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर होता. लातूरकडचे हे काका थेरगावातून कंपनीच्या बसने येत. बसचा नंबर ४४८९. तो सदुसष्टाचा वर्ग, म्हणून गाडी घरंदाज! एकदा ती बिघडली आणि बदली गाडी आली, तर तिच्या नंबराला कशाने भाग जातो हे कळेपर्यंत काकांनी पायरीवर पाय ठेवला नाही. ड्रायव्हर त्यांना तिथंच सोडून निघून गेला. माझा टोकन नंबर २३१० ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "दोन, तीन, पाच, सात, अकरा, समद्यांनी भाग जातोय की रं! लेका, तुला एकांत मिळायचा न्हाई." आमच्या चऱ्होलीच्या घरात तेव्हा अकरा माणसं राहत होती. मला त्यांचा रागच आला.

शिफ्ट संपली की प्रेसने आजवर किती ठोके मारले हे दाखवणाऱ्या काउंटरवरचा आकडा लॉगबुकात लिहायचा, एवढीच कंपनीची अपेक्षा. काका त्यापुढे शेराही मारत: विषम, मूळ, पूर्ण वर्ग. साहेब ओरडले तर म्हणत, "नुसता लिवून सोडला तर त्या आकड्याला काय वाटंल?" शेवटी साहेबांनीच हात टेकले.

निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना त्यांच्या शिफ्टच्या शेवटी काउंटर थांबला तो नेमका १२३४५६७ वर. काका हरखून गेले. ही संख्या मूळ आहे की हिला कुणी भागतं, हे समजल्याशिवाय कंपनी सोडायची नाही असं त्यांनी ठरवलं. मोबाइलला विचारायचं नाही. "त्यो लगेच सांगून मोकळा हुतो, मंग आपण काय करायचं?" रोज चहाच्या सुट्टीत एक मूळ संख्या घ्यायची आणि जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर हाताने भागाकार मांडायचा. दोनापासून निघाले. बाकी तपासायचं काम माझ्याकडे, त्यामुळे माझा चहा रोज निवायचा. शेवटच्या दिवशी एकशेतेरा झाला, बाकी बेचाळीस उरली. गळ्यात हार घेऊनच काका लॉगबुकापाशी गेले आणि त्या आकड्यापुढे शेरा लिहिला: तपास चालू.

ते गावी गेले, आणि चहाची सुट्टी किती लांबलचक असते हे मला कळलं. फार चुकल्यासारखं व्हायचं. आठ दिवसांनी न राहवून मीच जॉब कार्ड घेतलं. पुढची मूळ संख्या एकशेसत्तावीस. बाकी शून्य. पुन्हा मांडलं, तरी शून्यच. काका आणखी एकच दिवस राहिले असते तर! माझे डोळे भरून आले. मी फोन लावला.

"काका, एकशेसत्तावीसनं भाग गेला. नऊ हजार सातशे एकवीस वेळा."



"हातानं मांडलास?"

"हातानं. दोनदा."

"आन् चहा?"

"निवला, काका."

मग त्यांनी विचारलं, "आता काउंटर किती झालाय?"

मी वाकून बघितलं आणि आकडा सांगितला.

"थांब जरा," काका म्हणाले, "कागुद घेतो."