दादाला ठाऊक असलेला पासवर्ड

वहिनींचा फोन सकाळी सव्वासहाला आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मी ठाण्याहून मिळेल त्या गाडीनं रत्नागिरीला निघालो. त्याला आता दीड महिना होईल. भेटणारे म्हणतात, सुटला बिचारा. मी मान हलवतो. मनात मात्र दादाच्या संगणकासमोर घालवलेले चार दिवस पुन्हा पुन्हा येतात.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याची सगळी नोकरी मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळण्यात गेली. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तरी भरल्या ताटावरून उठायचा. निवृत्त झाल्यावर हाताला यंत्र उरलं नाही, तेव्हा त्यानं घरचं इंटरनेट ताब्यात घेतलं. त्याचा मुलगा निनाद बोटीवर इंजिनियर. रविवारी त्याला डोळ्यांनी बघता यावं म्हणून दादानं चांगला राउटर बसवला, तो सांभाळायचं सॉफ्टवेअर संगणकावर घातलं आणि आपण परवानगी दिल्याशिवाय एकही नवं उपकरण जोडलं जाणार नाही अशी तजवीज केली. "दाराला कडी नको काय?" असं त्याचं म्हणणं. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला त्यानं नावही दिलं होतं. वहिनींचा मोबाइल 'घरधनीण', निनादचा जुना लॅपटॉप 'खलाशी'.

पावसाळा सरता सरता त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून "हां... हां" एवढंच यायचं. उजवीकडचं नीट दिसेना, त्यामुळे वहिनींच्या मोबाइलवर निनादचा चेहराच त्याला सापडेना. निनादला बोट सोडून यायला अजून तीन महिने होते. त्यानं एक मोठा टॅबलेट घरी पाठवला. तो जोडायचा तर दादाच्या सॉफ्टवेअरमधून परवानगी हवी, आणि ते तर बिघडलेलं. आमचं घर डोंगराच्या कुशीत, मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवता येत नाही. मी ऑफिसात जन्म संगणकावर काढलेला, म्हणून वहिनींना वाटलं, भाऊजी आले की होईल. मी गेलो.

सॉफ्टवेअर उघडलं की दादानं दिलेल्या नावांची यादी क्षणभर दिसायची. मग पडदा पांढरा व्हायचा, 'राउटर सापडत नाही' अशी ओळ यायची आणि खिडकी आपोआप बंद. राउटर तर समोर फळीवर दिवे मिचकावत होता, नेटही चालू होतं. दोन दिवस मी सगळं करून पाहिलं. संगणक बंद-चालू केला, वायर थेट जोडली, सुरक्षेची बंधनं सैल केली. शेजारच्या खोलीतून दादा पलंगावरून माझ्याकडे बघत असायचा. तिसऱ्या दिवशी मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नव्यानं घातलं. ते झकास उघडलं, राउटरही त्याला सापडला. मग त्यानं पासवर्ड विचारला.

जुन्याला तो पाठ होता. मी तो जुन्याबरोबर पुसून टाकला होता.

वहिनींनी कपाटं उपसली, वह्या पाहिल्या. कुठेच लिहिलेला नव्हता. शेवटी मी दादाजवळ जाऊन बसलो, त्याच्या डाव्या हातात पेन दिलं. "दादा, राउटरचा पासवर्ड..." त्याचे डोळे चमकले. त्याला ठाऊक होता. त्यानं कागदावर एक रेघ ओढली, दुसरी ओढली, थांबला. अक्षर होईना. मी मुळाक्षरं लिहून समोर धरली. तो एका अक्षरावर बोट ठेवायचा, मान हलवून उचलायचा, पुन्हा त्याच अक्षरावर ठेवायचा. "हां... हां..." म्हणत त्यानं पेन टाकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला रडताना पाहिलं.

वहिनींनी कागद माझ्या हातून काढून घेतला. "पुरे, भाऊजी. आता नका विचारू त्यांना."

चौथ्या दिवशी नेट देणारा माणूस आला. त्यानं राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून तो कोरा केला, नवा पासवर्ड घातला, टॅबलेट जोडला. वीस मिनिटांचं काम. मी दादाला धरून धरून संगणकाशी आणून बसवलं, म्हटलं बघ, झालं. यादीत आता नावं नव्हती, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. दादा ती बराच वेळ बघत राहिला. मग एका ओळीवर बोट ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय, दादा?" त्यानं पुन्हा बोट ठेवलं. मी चार गोष्टी विचारल्या, चारींना त्यानं नकारार्थी मान हलवली. मग हात मांडीवर घेतला. त्याला काय सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी निनाद दिसला. "बाबा, जेवलात काय?" त्यानं विचारलं. दादा "हां" म्हणाला. असे आणखी दोन रविवार मिळाले.

निनादला वेळेवर पोचता आलं नाही, तो दहाव्याला आला. तेरावं झाल्यावर निघायच्या आदल्या संध्याकाळी मी संगणक बंद करून उठत होतो, तर वहिनी आतून दादाचा धुतलेला पंचा घेऊन आल्या. पडद्यावर टाकून त्यांनी त्याची दोन्ही टोकं मागे खोचली, दादा रोज खोचायचा तशी.

"धूळ बसते," त्या म्हणाल्या. जरा वेळ पंच्यावर हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "हा चालू कसा करतात, ते सकाळी मला दाखवून जा."