ड्रोनच्या गळ्यातला हार

चाकणच्या एका कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे. हेल्मेटशिवाय क्रेनखाली उभा राहणारा माणूस लांबून ओळखणं हे माझं काम, आणि ते सुट्टीच्या दिवशीही बंद होत नाही अशी घरच्यांची तक्रार आहे. पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसच्या रेग्युलेटरवरही माझी चिठ्ठी चिकटवलेली आहे.

त्यामुळे राजगुरुनगरजवळच्या सासरी धाकट्या जावेने फवारणीचा ड्रोन चालवायचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि पहिली फवारणी घरच्या कांद्यावर करायची ठरली, तेव्हा यादी कर असं मला कुणी सांगावं लागलं नाही. वारा, विजेच्या तारा, विहीर, हातमोजे, मास्क, गुरं, शेजारच्या रानातली काढणीला आलेली मेथी. सतरा मुद्दे झाले.

"ताई, प्रशिक्षणात बाराच होते," जाऊ म्हणाली.

"म्हणूनच."

तिची धास्ती मात्र मला कळत होती. गावातली ती पहिली ड्रोनवाली. बचत गटाने तिच्या भरवशावर मशीन आणलं होतं. पहिल्याच दिवशी काही बिनसलं असतं, तर पुढचं काम तिला कुणी दिलं नसतं. शिवाय माझ्या दिराने रोज जेवताना आठवण करून दिली असती, ते वेगळंच.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. सकाळी सातला आम्ही दोघी रानात पोचलो, तर निम्मं गाव आधीच बांधावर. आणि ड्रोनला हार!

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, नव्या ट्रॅक्टरची करतात तशी पूजा उरकून टाकली होती. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पात्यांमधून फिरवलेला झेंडूचा हार, खाली लोंबणारी लिंबू-मिरची. माझ्या सतरा मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं.

"मामंजी, हार काढावा लागेल. पात्यात दोरा गुंतला तर मशीन खाली येईल."

"पूजेचा हार लगेच काढत्यात व्हय? ट्रॅक्टरचा आठ दिस ठेवला हुता."

"ट्रॅक्टर उडत नाही."

"मग हे मशीन लईच नाजूक म्हनायचं!"

बांधावर हशा पिकला. जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली, "ताई, मला नाही बोलता येणार त्यांना."

कंपनीत मोठे पाहुणे आले की त्यांना मशीनपासून दूर ठेवायचा एकच उपाय मला ठाऊक आहे. सत्कार.

"आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले मामंजी!" मी जोरात ओरडले, हार अलगद सोडवला आणि त्यांच्या गळ्यात घातला. सासूबाईंनी डोळा मिचकावत आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. अध्यक्षांना खुर्ची लागतेच. ती मी पंपाच्या खोलीपाशी मांडली, वारा येत होता त्या बाजूला, यादीतल्या अंतराहून दहा पावलं जास्तच लांब. अध्यक्ष निघाले तशी गर्दीही मागोमाग निघाली. लिंबू-मिरची टेम्पोला बांधली. दीर टेम्पो चालवतो, तेव्हा तिथे तिची गरजच होती.

फवारणी सुरू झाली. ड्रोन वाफ्यांवरून सरळ जाई, वळे, परत येई. साडेआठला, चारच वाफे उरले असताना, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला बांधलेली रिबन मेथीच्या दिशेने फडफडू लागली.

"सूनबाई, तेवढं चार वाफं उरकून टाक!" अध्यक्षीय सूचना आली.

खरं सांगते, माझ्याही जिभेवर तेच होतं. एवढी गर्दी नीट बसवलेली, उद्या पुन्हा कोण बसवणार? पण जावेने ना माझ्याकडे पाहिलं, ना खुर्चीकडे. तिने ड्रोन परत आणून खाली उतरवला.

"बॅटरी संपली वाटतं," दीर म्हणाला.

"बॅटरी आहे. वारा मेथीवर चाललाय, आणि ती उद्या बाजारात जाणार आहे. उरलेलं उद्या सकाळी."

लोक कुरकुरत उठले. मेथीवाले काका सत्काराला आलेच नव्हते. आमची चूक पकडायला ते सकाळपासून आपल्या रानाच्या पलीकडच्या टोकाला हाताची घडी घालून उभे होते. आता ते तरातरा आमच्याकडे यायला लागले. जावेचा चेहरा उतरला.

"पोरी, चार वाफ्यांसाठी थांबलीस?"

"हो, काका. तुमच्या भाजीवर औषध उडालं असतं."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या उसात आता मानूस शिरत न्हाई. उद्या येतीयास तर तेवढं बघ. मी आजच मेथी उपटून घेतो."

जावेने श्वास सोडला, पण आवाज कडकच ठेवला. "सहाला येते. बांधावर एकही माणूस नको."

"आमच्या घरात माझं कोन ऐकतंय?"

"मग ताईंना घेऊन येते."

शुक्रवारी मला कंपनीत सकाळची शिफ्ट होती. मी तिथल्या तिथे साहेबांना रजेचा मेसेज टाकला.