वाचता येईल, लिहिता येणार नाही

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, आईला नाही, मामांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर 'अ‍ॅडमिन साहेब' म्हणून ओळखत असाल — मग तर तुम्हाला हे कळायलाच हवं.

आधी ग्रुपचं सांगतो. सरळ मुद्द्यावर का येत नाही, असं वाटेल. येतो. थोडं थांबा.

मी अकोल्यात जठारपेठेत राहतो. कृषी पदविका केली, मग सरकारी नोकरीच्या परीक्षांमागे लागलो आणि एकेक परीक्षा मला नापास करत गेली. बोंडअळीनं कपाशीची वाट लावली, ती वर्षं. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत सगळं सडलेलं. जो तो फवारणीचं विचारत होता आणि धड उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मी फोनवर कपाशीवाल्यांचा ग्रुप काढला. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाड्याकडची माणसं जोडली गेली. एकानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं आख्खं गाव ओढलं. बघता बघता मेंबर हजारांत गेले.

एवढा पसारा झाला म्हणून मी पायऱ्या केल्या. नवा माणूस आला की त्यानं फक्त वाचायचं. रुळला की लिहायची परवानगी. त्याच्या वर 'सल्लागार' — नावापुढे तसा शब्द दिसायचा. आणि सगळ्यांच्या वर मी. कोणाला बोलू द्यायचं, कोणाला गप्प करायचं, कोणाचा मेसेज पुसायचा, सगळं माझ्या अंगठ्याखाली. खरं सांगू? मला फार आवडायचं ते. घरात माझं मत भाजीला कोणी विचारत नव्हतं, आणि इकडे लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस खुर्ची पुढे करायचा — "बसा ना, अ‍ॅडमिन साहेब!" मी थोडं नको नको करायचो आणि बसायचो.

ग्रुपची एक रीत होती. मीच लावलेली. एखाद्या औषधावर कोणी हरकत घेतली, की ती हरकत फिटेपर्यंत कोणी पंप भरायचा नाही. हरकत घेणाऱ्यानं स्वतः 'पटलं' असं लिहायचं, मगच फवारणी. लोक ही रीत पाळायचे. इतकी पाळायचे की बांधावर पाठीवरचा पंप उतरवून, फोन हातात धरून वाट बघत बसायचे. चांगली रीत होती ती. आजही म्हणेन, माझ्या हातून झालेलं ते एकच चांगलं काम.

त्या हंगामात मी एक मिश्रण सांगितलं. दोन औषधं एकत्र आणि वर एक टॉनिक. कुठून काढलं? थोडं पुस्तकातून, थोडं दुकानदारांच्या बोलण्यातून, बाकीचं माझ्या आत्मविश्वासातून. काही शेतांत अळी कमी झाली, लोकांनी फोटो टाकले, अंगठे आले, हात जोडलेले आले. ग्रुपवर त्याला माझ्याच नावानं ओळखायला लागले. मी जमिनीवर नव्हतो त्या दिवसांत.

आणि मग वानखडे सिस्टरांचा मेसेज आला.

त्या अकोल्यातच दवाखान्यात नर्स होत्या. वडिलांची मूर्तिजापूरकडे कपाशी, म्हणून ग्रुपमध्ये आलेल्या. एरवी फारसं लिहायच्या नाहीत. त्या दिवशी लिहिलं — "साहेब, तुमचं मिश्रण मारलेले लोकं आमच्या वॉर्डात येऊन राहिले. डोळे लाल, उलट्या, दम लागून राहिला. माझी हरकत आहे. कोणीच मारू नका. जयभीम."

काय करायला हवं होतं? तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. फोन करायचा होता. किती लोक आले, काय होतंय, हे विचारायचं होतं. मी काय केलं? मी चिडलो. हजारो लोकांपुढे मला हरकत? आणि — हेही सांगतो, इथं लपवलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही — मेसेजखालचा तो जयभीमही मला टोचला. ग्रुपवर दिवसभर रामराम चालायचा, जय हरी चालायचं. ते मला कधी दिसलंसुद्धा नव्हतं. हे मात्र दिसलं. शेतीशिवाय दुसरं काही लिहू नये असा नियम होता आपला. कधी कोणाला लावला नव्हता. त्या दिवशी लावला आणि सिस्टरांची लिहायची परवानगी काढून घेतली.

हे कसं असतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं पाप त्यातच आहे. अशा माणसाला ग्रुपमधून काढलेलं नसतं. त्याचं नाव मेंबरांत दिसतं. त्याला सगळे मेसेज दिसतात. फक्त जिथं लिहायचं, तिथं त्याच्या एकट्याच्या फोनवर एक ओळ येते, की तुम्हाला इथं लिहिता येणार नाही. बाकी कोणाला काही कळत नाही. बाकीच्यांना वाटतं, हा माणूस आपणहून गप्प आहे.

कळलं ते फक्त जावेदला. मूर्तिजापुरात त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान, माझा जुना दोस्त आणि ग्रुपचा दुसरा अ‍ॅडमिन. त्याचा लगेच फोन.

"सिस्टरचं लिहिणं बंद कावून केलं बे?"

"नियम मोडला. जयभीम लिहिलं."

"अन् मी रोज सलाम लिहितो, तवा?"

मी फोन ठेवला, त्याचं अ‍ॅडमिनपद काढलं आणि त्याचंही लिहिणं बंद केलं. दोस्ती तिथंच संपली. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतका मी तापलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विचारणा सुरू. सिस्टरची हरकत फिटली का? सिस्टर काही बोलून नाही राहिल्या, मारायचं का थांबायचं? आपल्याच लावलेल्या रीतीत मी अडकलो होतो. त्यांनी 'पटलं' लिहिल्याशिवाय कोणी पंप उचलणार नव्हतं, आणि त्यांना लिहिता येणार नव्हतं. मधेमधे फोन वाजत होता. सिस्टरांचाच. मी तो उचलला नाही. स्क्रीनवर त्यांचं नाव यायचं, मी बघत राहायचो, वाजून वाजून बंद व्हायचा.

मग मामांचा आला. माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूर्तिजापूरजवळ शेती. मी परीक्षांत आपटत होतो तेव्हा सगळ्या नातलगांत हा एकच माणूस म्हणायचा, माहा भाचा हुशार हाय, पाह्यजा. मामा बांधावर उभे होते.

"बाबू, औषध कालवून ठेवलं. सिस्टरचं काही आलं नाई अजून. मारू का थांबू?"

मी व्हरांड्यात होतो. चांगलं ऊन पडलेलं, हातात चहाचा कप. कोणी माझा गळा धरलेला नव्हता. अगदी शांतपणे मी ग्रुपवर लिहिलं — "वानखडे सिस्टरांशी आताच फोनवर बोललो. त्यांना पटलं आहे. हरकत फिटली. फवारणी करायला हरकत नाही." आणि मामांना म्हणालो, "मारा मामा. काही होत नाई."

हेच ते. एवढं सांगायला मला इतकं फिरावं लागलं.

मी त्यांच्याशी बोललोच नव्हतो. आणि त्या ते वाचत होत्या. कुठेतरी वॉर्डात, पेशंटच्या खाटेजवळ उभ्या राहून त्या वाचत होत्या, की आपल्याला पटलं आहे. 'खोटं आहे' एवढंही लिहायला जागा नव्हती. मी नुसतं त्यांचं तोंड बंद केलं नव्हतं. बंद केलेल्या तोंडातून मला हवं ते वदवून घेतलं होतं. असं मी जिवंत माणसाशी केलं — आणि मग उरलेला चहा प्यायलो.

फोन आला मामीचा. मामा शेतातच पडले, तोंडाला फेस, दिसत नाही म्हणताहेत, जीपमध्ये घालून अकोल्याला आणून राहिलो. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मामांना स्ट्रेचरवरून आत घेत होते. अंगाला औषधाचा वास. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. छाती अशी उडत होती की मला तिकडे बघवेना. मामी नुसती रडत होती, तिला काहीच सांगता येईना. डॉक्टर माझ्याकडे वळले. काय फवारलं? कोणतं औषध? लवकर सांगा.

मला माहीत नव्हतं का? जगात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण नावं घेतली की पुढचा प्रश्न येणार — कोणी सांगितलं? मामी शेजारी उभी. मामांचा श्वास घरघरत होता. आणि मी म्हणालो, "माहीत नाही."

हे मी म्हणालो. मामांच्या डोक्याशी उभा राहून म्हणालो.

स्ट्रेचरच्या पलीकडून एका नर्सनं दोन्ही औषधांची नावं सांगितली. टॉनिकचंही सांगितलं. किती कालवायला सांगितलं होतं, तेही. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, "वाचलं होतं मी."

त्याआधी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि मान खाली घातली. त्यांनी माझा फोटो ग्रुपवर रोज पाहिला असणार. ओळखलं त्यांनी मला.

मामा वाचले. त्यांचा धोका टळल्याचं सांगायला त्या बाहेर आल्या, मामीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आता तरी माहं लिहिणं चालू करा. उद्या सकाळी पुन्हा लोकं पंप भरतीन."

रागावल्या नाहीत. मामीला काही सांगितलं नाही. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. मी मान डोलावली. हो म्हणालो.

आणि चालू केलं नाही. कारण चालू केलं असतं तर त्यांनी सगळं लिहिलं असतं ना! मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि त्यांची हरकत माझ्या नावानं लिहिली. अनेक ठिकाणांहून माहिती घेतली असता हे मिश्रण धोक्याचं दिसतं, कृपया कोणी मारू नये — असं. लोकांनी हात जोडले. वेळेवर सावध केलं म्हणाले. पुढे एका गावच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिलं. मामा काळा चष्मा घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. एक डोळा गेला त्यांचा. दुसऱ्यानं माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. त्यांना कोणी विचारलं की सांगतात, "माहीच चूक. वारं न पाहता फवारा मारला म्या." मी शेजारी असलो तर गप्प बसतो.

सिस्टरांची परवानगी मी फार नंतर चालू केली, सगळं थंड झाल्यावर. त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. नाव अजून मेंबरांत आहे. त्यांची माफी मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता हे लिहून ती मागतोय असंही नाही.

मामा डोळे दाखवायला अकोल्याला येतात तेव्हा आमच्याकडेच उतरतात. सकाळी त्याच व्हरांड्यात बसतात आणि स्वतःचा फोन माझ्या हातात देतात. त्यांना अक्षर लागत नाही. "वाच बाबू, काय आलं ग्रुपवर?" मी एकेक मेसेज वाचून दाखवतो. सगळं ऐकून झालं की ते विचारतात. दर वेळी विचारतात.

"त्या सिस्टरचं काही आलं का रे? लय चांगली बाई. तिनंच वाचवलं मले. पण लिहीत कावून नसन ते?"

"नाही आलं, मामा," मी म्हणतो.

मग ते हात पुढे करून हवेत फोन चाचपतात. मी त्यांच्या हातात देतो. ते तो खिशात ठेवतात आणि चहा झाला का विचारतात.