परड्यातलं मिठागर

स्वतःच्या फजितीचा किस्सा स्वतः सांगू नये, पण आमच्या आबांनी तो अर्ध्या कसबा बावड्याला सांगून झालाय. तेव्हा आता माझ्या तोंडून ऐका.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. घरामागच्या परड्यात मला भाजीच्या रोपांची नर्सरी घालायची होती. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी अट घातली, "दोन म्हैन्यात परडं साफ करून त्यात रोपं उभी करून दाव. न्हायतर मामाच्या दुकानात बसायचं."

मामाचं दुकान म्हणजे पाइप, नळ आणि दिवसभर मामाचं प्रवचन. त्यापेक्षा जेल बरं.

परडं हरळीनं गच्च भरलेलं. आबा म्हणाले, "खुरपं घे. बुडासकट खणून काढ."

या पिढीला काहीही विचारा, उत्तर खुरपंच. मी मोबाईल काढला. घरगुती तणनाशक: व्हिनेगर, मीठ, भांडी घासायचं लिक्विड. व्हिडिओतली बाई सगळं सावकाश समजावत होती. सात मिनिटांचा व्हिडिओ, मला दोन मिनिटांत कळला. पुढं ती आपल्या कुंड्या दाखवणार, सबस्क्राइब करा म्हणणार. कुणाला वेळ आहे?

पहिल्या दिवशी फवारलं. आभाळ आलेलं. हरळी ढिम्म.

आबा कट्ट्यावरनं म्हणाले, "न्हाऊ घातलंस व्हय रं तिला? फेस झ्याक आलाय."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन बघून फवारलं, तर नुसते शेंडे पिवळे. मग मीठ वाढवलं. फवारून झाल्यावर वरनं कोरडंही फेकलं, पुड्यावर पुडा.

आई ओरडली, "आरं, आमटीला तरी ठेव की."

चार दिवसांत परडं तपकिरी. एक हिरवं पातं नाही. आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस गप्प बसेल का? मी आबांना परड्यात उभं करून सुनावलं.

"शिरोळकडच्या आपल्या रानात काय केलंत तुम्ही? उसाला पाणी पाजून पाजून खालचं मीठ वर आणलंत. रान पांढरं पडलं. का? तर कुणाचं ऐकायचं नाही, नवं शिकायचं नाही."

त्या रानातलं मीठ उतरवायला त्यांनी चर खणण्यात किती वर्षं घालवली, ते मला माहीत होतं. तरी बोललो.

"साफ झालंय खरं," आबा एवढंच म्हणाले. "घाल नर्सरी."

वाफे केले. वांगी, मिरची, टोमॅटोचं बी टाकलं. काही उगवलं नाही. परत टाकलं. परत काही नाही. मी बियाणं विकणाऱ्याला शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या. वाफे वाळले की वर पांढरी साय धरायची. आणि त्या सायीतनं एक दिवस कोंब वर आले.

हरळीचे.

आबा आले. वाफ्यातली माती चिमटीत धरली, जिभेला लावली, थुंकले.

"शिरोळचीच चव हाय," म्हणाले. "दाव तो व्हिडिओ."

पायरीवर बसून त्यांनी तो मोठ्या आवाजात लावला. तिसऱ्या मिनिटाला ती बाई म्हणाली, मीठ फक्त फरशीच्या फटीत वापरा, जिथं काही लावायचंय तिथं चिमूटभरही नको. चौथ्या मिनिटाला म्हणाली, हरळी असेल तर मुळासकट खणूनच काढा.

आबांनी ते मागं घेऊन परत ऐकलं. आईला हाक मारून तिलाही ऐकवलं. मग मोबाईल माझ्या हातात दिला.

"कालेज चार वर्साचं हुतं, दोनात सोडलंस. म्हटलं, जाऊ दे, लई मोठं हुतं. ही बाई सातच मिन्टं मागत हुती की रं."

मी आता मामाच्या दुकानात बसतो. हरळी मजेत आहे.