पेन्सिल बाहेर

"पेन्सिल भायेर ठेवा, सर."

मिस्त्रींच्या शेडमध्ये माझं स्वागत कायम याच वाक्यानं झालं. मी चित्रकलेचा शिक्षक. खिशात पेन्सिल नाही असा माझा एक दिवस जात नाही. मिस्त्री आधी खिशाकडे बघायचे, मग तोंडाकडे. दाराबाहेर एक डालड्याचा जुना डबा ठेवलेला असे. त्यात पेन्सिल टाकल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

असा कटकट्या म्हातारा तुमच्याही गल्लीत एखादा असेल. आमच्या मेहकरचा हा. उभा जन्म दूरच्या एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये, विमानांच्या इंजिनांखाली काढून ते गावी परतले होते. हात कसबी, जीभ तिखट. स्वतःची तारीफ स्वतःच उरकून टाकत, दुसऱ्यावर तो भार ठेवत नसत. भाजी चांगली झाली, एवढं बायकोला म्हणायला मात्र त्यांना फार जड जाई.

बीबी गावच्या रस्त्याला शेती असलेल्या एका बड्या बागायतदारानं दोन माणसांचं जुनं विमान भंगारातून आणलं होतं. त्यांना सगळे मालक म्हणत, म्हणून मीही म्हणतो. हौसेला मोल नसतं. इंजिन फिरत होतं, पण धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर समजा, गंजून चाळण झाली होती. मालकांनी मिस्त्रींना बोलावलं आणि चारचौघांत शब्द दिला, की नळी झाली की पहिली चक्कर तुमची, तुमच्या घरावरून नेऊ. मिस्त्री तिथं हसलेसुद्धा नाहीत. घरी येऊन मात्र त्यांनी बायकोला बजावलं की आता गच्चीवर वाळवण घालायचं नाही, वरून घर ओळखू आलं पाहिजे.

नळीचे पुठ्ठ्याचे साचे काढायला त्यांनी मला धरलं. पुठ्ठ्यावर पेन्सिल चालायची, तीही माझ्या घरी. पत्र्यावर ते स्वतः शिंप्याच्या खडूनं खुणा करत. एकदा मी कारण विचारलं.

"पेन्सिलीची रेघ तापली का पोलादात उतरते, सर. तिथंच तडा जाते. या नळीवरची गरम हवा आत घेतात, थंडीत ऊब म्हणून. तड्यातून धूर आत गेला का चालवणारा झोपते. मंग उठत नाही."

नळी झाली. जोडावरून बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. मालकांना पूजा करायची होती. मिस्त्री म्हणाले, विमानाची खुशाल करा, नळीला हात लावायचा नाही; कुंकू नाही, तेल नाही, नारळाचं पाणी नाही. मालकांचे मेहुणे हसत म्हणाले, "तुमचं ठीक हाये मिस्त्री, तुमच्यात चालते. आम्हाले देव लागते." मिस्त्री बौद्ध. असलं बोलणं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. त्यांनी खाली बघून पाना पुसला. मला संताप आला, पण पूजेच्या घरात संतापाला कोण विचारतो.

पूजेनंतर इंजिन जमिनीवरच चालवून पाहिलं. आवाज खणखणीत आला. थंड झाल्यावर मिस्त्रींनी नळी उतरवली, हातात फिरवली आणि थांबले. मागच्या बाजूला तडा होता. त्यांनी आधी माझ्या खिशाकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. माझा खिसा रिकामा होता.

मग त्यांनी नळी उजेडात धरली. तडा ज्या वाटेनं गेला होता, त्या वाटेवर पोलादात एक काळं अक्षर उतरलं होतं. श्री. वेलांटी डोक्यावरून पार मागे ओढलेली. ते वळण मला पाठ होतं. मालकांच्या ट्रॅक्टरवर, मळणीयंत्रावर, विहिरीच्या मोटारीवर असाच श्री आहे. नव्या वस्तूवर तो स्वतःच्या हातानं काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कुंकवाला बंदी, म्हणून पेन्सिलीनं काढला. मिस्त्रींना दिसू नये म्हणून मागच्या अंगाला.

मिस्त्रींनी नळी मालकांसमोर धरली. मालकांनी श्री पाहिला, तडाही पाहिला.

"वेल्डिंग कच्चं राह्यलं वाटते," ते मेहुण्यांना म्हणाले. "वय झालं आता मिस्त्रीचं."

मी मध्ये पडून पेन्सिलीचं सगळं सांगितलं. त्यावर मेहुणे म्हणाले, देवाच्या नावानं लोखंड फुटतं हे निदान शाळेत तरी शिकवू नका. उजेडात धरलेली गोष्ट ज्यांना दिसत नाही, त्यांच्याशी काय डोकं फोडायचं.

मिस्त्रींनी दुसरी नळी केली. कशाला करता, म्हणून मी चिडलो.

"बसणारा मरन ना, सर," एवढंच ते म्हणाले.

ती नळी बसली, तपासणारे येऊन पाहून गेले, उडवायची परवानगी मिळाली. उड्डाणाच्या सकाळी मिस्त्री धुतलेला सदरा घालून तयार होते. तेव्हा निरोप आला, की आज पाहुण्यांची गर्दी आहे, तुमचं पुढं कधी बघू. पहिली चक्कर मेहुण्यांची झाली. विमान मेहकरवरून गेलं तेव्हा मी मिस्त्रींच्या अंगणातच होतो. सगळी गल्ली वर बघत होती. मिस्त्रींनी मान वर केली नाही. आवाज लांब जाईपर्यंत ऐकला, "बरोबर हाये" म्हणाले आणि सदरा बदलायला आत गेले. वर गच्ची झाडून स्वच्छ ठेवलेली होती.

ते 'पुढं कधी' आलंच नाही. फुटकी नळी मिस्त्रींनी मालकांकडून मागून आणली आणि श्रीची बाजू समोर ठेवून ओसरीत खिळ्याला टांगली. कोणी विचारलं तर विषय बदलत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. तिसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. ओसरीच्या पायरीशी त्यांना भिंतीवरचा श्री दिसला आणि सवयीनं त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. मिस्त्रींची बायको दारात उभी होती. तिनं त्यांना पुरतं होऊ दिलं.

"तो देव नाही, मालक," ती म्हणाली. "तुमच्या विमानाची नळी हाये. ते म्हनत, मालक कधी आले तं दाखवजो."

मालकांनी डोळे उघडले. जोडलेले हात खाली कसे आणावेत, ते त्यांना कळेना.