सोलापूरचा विमा, अणदूरचा खोकला

"असल्या अंगानं एसटीत बसू नका म्हटलं होतं ना?" मी चाँदभाईंवर ओरडलो. सोलापूरहून येऊन ते दवाखान्याच्या उंबऱ्यातच बसले होते. मागं बायको, जुलेखाबी.

"न्हाय गेलो तर विमा बंद पडतो, डॉक्टरसाब."

साठ सालानंतरची गोष्ट. मी अणदूरच्या सरकारी दवाखान्यात होतो. चाँदभाई सोलापूरच्या गिरणीत मागावर. आमच्याकडची रीतच अशी, पोटाला सोलापूर आणि दुखण्याला गाव. टीबी झाला तसे तेही घरी आले. तिकडं एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पाच-सात गडी. खोकणाऱ्याला कोण ठेवून घेणार?

कामगार विम्यात औषध फुकट, आजारपणात निम्मा पगार, सॅनिटोरियममध्ये कॉटसुद्धा. पण सगळं विम्याच्या डॉक्टरच्या सहीनं, आणि त्यानं रोग्याला दर आठवड्याला समोर बघायचं. माझं सर्टिफिकेट तिथं रद्दी. इकडं टीबीला पहिलं औषध म्हणजे पडून राहणं! डोकं फिरलं माझं.

तडक सोलापूर गाठलं. विम्याचे डॉक्टर माझ्याच वयाचे. बाहेर ही रांग.

"अहो, त्यांचं एक फुप्फुस गेलंय. माझ्या सहीवर भागवा की."

"न बघता सही केली तर माझी नोकरी जाईल. उद्या निम्मी गिरणी गावाकडनं कागद पाठवील. त्यांना इथंच राहू द्या. कॉटसाठी नंबर लावतो."

"राहतील कुठं? तुमच्या घरी?"

बोलून गेलो. मग मलाच वाईट वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता. वर चहा पाजला त्यांनी.

पुढच्या आठवड्यात चाँदभाई पुन्हा निघाले. मी स्टँडवर जाऊन त्यांचा हात धरला.

"सोडा साब. पोरं काय खातील?"

सोडला. दुसरं काय करणार होतो?

विम्याच्या दवाखान्यात, रांगेतच चाँदभाईंना रक्ताची उलटी झाली. मग कॉट लगेच मिळाली. तिच्यावर दोन दिवस काढले आणि गेले.

जुलेखाबी सांगायला आल्या. "चादर लई पांढरी होती, डॉक्टरसाब. मळंल म्हणून नीट निजलेच न्हाईत."



त्यानंतर सोलापूरहून कुणी खोकत आलं, की नाडी बघायच्या आधी मी विचारायचो, तिकडं पडायला जागा आहे का? बहुतेक 'न्हाय'च म्हणायचे. तपासायचो, औषध द्यायचो. बरे व्हाल, असं म्हणायचं मात्र सोडून दिलं.